घर बघण्याआधी आडनाव कशाला?

रविवारचे कुठलेही मोठे वर्तमानपत्र उघडा. पान-पानभर जाहिराती असतात. नमुना फ्लॅट तयार आहे, सहकुटुंब या, प्रत्यक्ष पाहा, चहा-नाश्त्याची सोय आहे, स्टेशनपासून गाडीची सोय आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आला की या आमंत्रणांना ऊत येतो. बिल्डर जणू साऱ्या जगाला हाका मारून घर दाखवायला बसला आहे, असे वाचणाऱ्याला वाटावे.

आपल्या समाजातही आता ही जाहिरात कात्री लावून ठेवणारी माणसे आहेत. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या राखीव जागांवर रेल्वेत, बँकेत, महापालिकेत, शाळेत लागलेली पिढी निवृत्त झाली. तिच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आली. तिची मुले-मुली कंपन्यांत कमावती झाली आणि बँका त्यांना गृहकर्ज द्यायला तयार आहेत. चाळीतून, झोपडपट्टीतून, रेल्वेच्या क्वार्टरमधून बाहेर पडून स्वतःच्या नावाचे घर घ्यावे, ही इच्छा आज हजारो कुटुंबांत आहे. प्रश्न पैशाचा आहेच. पण पैसा जमवूनही एक प्रश्न उरतो आणि त्याची चर्चा आपण चारचौघांत करीत नाही. घर विकत घेण्याची पहिली पायरी म्हणजे घर पाहणे. ही पहिली पायरीच आपल्याला खुली आहे काय?

व्यवहार कसा चालतो ते पाहू. नव्या इमारतीच्या विक्री कार्यालयात गेल्याबरोबर एक फॉर्म पुढे येतो. पूर्ण नाव, मोबाईल, सध्याचा पत्ता, नोकरी, बजेट. जुन्या इमारतीतला फ्लॅट असेल तर आधी दलालाला फोन करावा लागतो. तो एरिया सांगायच्या आधी नाव विचारतो. नाव सांगितले की पूर्ण नाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर, 'मूळ गाव कुठलं?' त्यातूनही उलगडा झाला नाही तर, 'व्हेज की नॉनव्हेज?' एवढी प्रश्नपत्रिका सोडवल्यावर निकाल येतो. मालक गावाला गेलेत. कालच टोकन झालं. चावी शेजाऱ्यांकडे आहे आणि शेजारी नाहीत. 'तुम्हाला दुसरीकडे छान दाखवतो ना!' आणि ते 'दुसरीकडे' कुठे असते? नाल्याच्या पलीकडे, रेल्वे रुळांच्या त्या बाजूला, जिथे आपल्या लोकांची वस्ती आधीच आहे तिथे.

या साऱ्या संभाषणात जात हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. हेच आजच्या अस्पृश्यतेचे वैशिष्ट्य आहे. गावात पाणवठ्यावर ती उघड होती, म्हणून तिच्याविरुद्ध महाडला जाता आले. शहरातली अस्पृश्यता 'मालक गावाला गेलेत' एवढे बोलून फोन ठेवून देते. कोणाच्या विरोधात मोर्चा काढायचा?

घर नाकारण्याची ही भाषा नवी नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी उताराघरात राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर त्यांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राचे म्हणणे असे की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोचा विचार घ्यायचा होता. स्वतःची हरकत आहे असे दोघांपैकी एकानेही म्हटले नाही. शेवटी बाबासाहेबांना बडोदा सोडून मुंबईची गाडी धरावी लागली.

आजच्या घरमालकाचे वाक्य काढा आणि या वाक्यांशेजारी ठेवा. 'मला काही नाही हो, पण सोसायटीतले लोक...' शंभर वर्षांत फक्त नोकरांच्या जागी सोसायटी आली. नकार देणारा स्वतः नेहमीच उदारमतवादी असतो. कट्टर असतो तो कोणीतरी दुसरा, आणि तो दुसरा कधी समोर येत नाही.

कोणी म्हणेल, हा तुमचा न्यूनगंड आहे. त्यांच्यासाठी अभ्यासही उपलब्ध आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या फरिदाबाद, गाझियाबाद, गुरगाव, नोएडा या शहरांत भाड्याच्या घरांच्या बाजाराची पाहणी केली. ती २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाली. घर शोधणारे म्हणून वरच्या जातीची, दलित आणि मुस्लीम नावे असलेल्या माणसांनी त्याच घरमालकांकडे विचारणा केली. फोनवरच्या विचारणेत वरच्या जातीच्या एकालाही जातीपायी नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला. अनेकांना होकार मिळाला, पण जादा भाडे किंवा जाचक अटींसह. ही पाहणी भाड्याच्या घरांची होती. पण भाड्याने देताना ज्याला आडनाव खुपते, त्याला कायमचा शेजारी निवडताना ते खुपणार नाही, असे मानायला काही आधार आहे काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला ती मराठी असल्याच्या कारणावरून सोसायटीत कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. त्याची चित्रफीत पसरली आणि साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण त्या दिवशी ज्यांना प्रथमच कळले की आपल्याच शहरात आपल्याला घर नाकारले जाऊ शकते, त्यांनी एक विचार करावा. हा अनुभव त्यांच्याच सोसायटीच्या दारावरून परत गेलेल्या बौद्ध, मातंग, चर्मकार, मुस्लीम कुटुंबांना नित्याचा आहे. त्यांची चित्रफीत कोणी काढत नाही आणि त्यांच्यासाठी अस्मिता जागी होत नाही.

आता कायदा पाहू. आपले कार्यकर्तेही अनेकदा म्हणतात की खासगी मालकाने घर कोणाला दाखवावे हा त्याचा प्रश्न, कायदा काय करणार? हे पूर्ण खरे नाही. संविधानाच्या कलम १५ (२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येत नाही. हे बंधन केवळ सरकारवर नाही, खासगी माणसावरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत प्रश्न निघाला की 'दुकान' या शब्दात काय काय येते? बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. केवळ आत शिरण्यापुरता तो नाही. जो कोणी आपली सेवा देऊ करतो आणि ज्याच्या अटी समोरच्याला मान्य आहेत, त्याच्याकडून ती सेवा मागण्याचा हक्क त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच उत्तराचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही या शब्दाच्या कक्षेत आणल्या.

मग साधा प्रश्न विचारतो. पानभर जाहिरात देऊन, दर छापून, गाडी पाठवून गिऱ्हाईक बोलावणारे बिल्डरचे विक्री कार्यालय दुकान नाही तर काय आहे? दलालाचे ऑफिस दुकान नाही काय? शाळा जर दुकानाच्या व्याख्येत येते, तर जिथे घरे विकली जातात ती जागा बाहेर कशी राहील? हा युक्तिवाद न्यायालयात नेटाने मांडला गेला पाहिजे.

त्याहून थेट कायदा आहे तो १९५५ चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, संपादन करणे किंवा त्यात राहणे यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा एक ते सहा महिन्यांचा कारावास आणि दंड. कलम ६ प्रमाणे माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हाही गुन्हा आहे. आणि कलम १२ तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून हे संरक्षण त्यांनाही आहे. सत्तर वर्षे हे कलम पुस्तकात आहे. घर नाकारल्याबद्दल त्याचा वापर करणारे आपल्यात किती निघतील?

कायद्याच्या भिंतीत भगदाडे आहेत, हेही सांगितले पाहिजे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा पोटनियम वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाने आपली वस्ती जपणे एक वेळ समजू शकते. पण या निकालाने जातीच्या आणि धर्माच्या कुंपणाला सहकाराच्या नावाखाली आडोसा मिळाला. दुसरे भगदाड 'शुद्ध शाकाहारी' या शब्दाचे. कोण काय खातो हा ज्याच्या त्याच्या ताटाचा प्रश्न आहे, परंतु व्यवहारात हा शब्द जात न विचारता जात ओळखण्याची चाळणी बनला आहे. तिसरे भगदाड २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे, ज्याला आपण रेरा म्हणतो. बिल्डरला शिस्त लावणारा हा चांगला कायदा आहे. पण ग्राहकाला जात किंवा धर्म पाहून परतवणाऱ्याविरुद्ध त्यात स्वतंत्र कलम नाही.

यावर उपाय काय? येथे अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याकडून शिकण्यासारखे आहे. तिकडे विकायचे घर ठरलेल्या दिवशी, बहुधा शनिवार-रविवारी, दोन-तीन तास उघडे ठेवतात. रस्त्यावर पाटी लावतात. याला ओपन हाऊस म्हणतात. आधी फोन करून नाव सांगायची गरज नसते, जो येईल तो आत येऊन पाहतो. म्हणून तिकडे भेदभाव नव्हता असे नाही. काळ्या माणसाला घर विकू नये असे करार खतातच लिहिलेले असत. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना अशा करारांची अंमलबजावणी करण्यास मनाई केली. तरी दलाल काळ्यांना 'घर शिल्लक नाही' असे सांगत राहिले, आपल्याकडचा दलाल सांगतो तसेच. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत खुल्या वस्त्यांसाठी मोर्चे काढले. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारात भेदभावास बंदी करणारा कायदा झाला.

पण तिथली चळवळ कायद्यावर विसंबून बसली नाही. तिने जोड्या पाठवल्या. एक गोरा, एक काळा. दोघांचे उत्पन्न सारखे, मागणी सारखी. दोघे एकाच दलालाकडे वेगवेगळे जात आणि काय सांगितले ते लिहून काढत. काळ्याला 'जागा नाही' आणि गोऱ्याला 'या, दाखवतो' असे उत्तर मिळाले की पुरावा तयार. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की केवळ तपासणीसाठी गेलेल्या काळ्या व्यक्तीशी खोटे बोलले गेले, तरी तिला दावा लावता येतो. घर घ्यायचा तिचा विचार नव्हता ही सबब चालणार नाही, कारण खरी माहिती मिळणे हाच तिचा हक्क आहे. अलीकडे २०१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागातील 'न्यूजडे' या वर्तमानपत्राने हीच पद्धत वापरून ८६ जोड-तपासण्या केल्या. त्यात काळ्या तपासनिसांना जवळजवळ निम्म्या वेळा वेगळी वागणूक मिळाल्याचे उघड झाले. कायदा होऊन पन्नास वर्षे झाल्यावरही!

आपल्याकडे हे का होऊ नये? विहार समित्या, कर्मचारी संघटना, महिला मंडळे, विद्यार्थी संघटना गावोगावी आहेत. त्यांनी ठरवले तर दोन रविवारांत एका शहराचे चित्र समोर येईल. दोन तरुण, सारखा पगार, सारखे बजेट, फरक फक्त आडनावाचा. एकाच दिवशी, त्याच कार्यालयात, त्याच दलालाकडे. काय विचारले, काय दाखवले, कोणता दर सांगितला, काय नाही म्हटले, हे दोघांनी एकमेकांशी न बोलता लगेच लिहून ठेवायचे. फोनवरचे संदेश पुसायचे नाहीत. तारीख, वेळ, जाहिरातीचे कात्रण जपायचे. अशा पाच-पंचवीस नोंदी हाती असल्या आणि त्यांना कलम १२ चे गृहीतक जोडले, तर 'मालक गावाला गेलेत' या वाक्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येईल. पुरोगामी सवर्ण मित्रांनाही यात प्रामाणिक काम आहे. जोडीतला दुसरा माणूस त्यांनी व्हावे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती खिशाशी संबंधित आहे. चार ठिकाणांहून परतवलेल्या माणसाला पाचव्या ठिकाणी आत घेतले, पाणी दिले, 'सर' म्हटले की तो भारावतो. प्रवेश मिळाला याच समाधानात तो मोजायचे, विचारायचे विसरतो. अपमानाने थकलेला ग्राहक हा बिल्डरचा सर्वात सोपा ग्राहक असतो. आयुष्याची कमाई अशी भारावून देऊ नका. नमुना फ्लॅट हे नाटकाचे नेपथ्य असते. त्यात फर्निचर बेताच्या मापाचे करून घेतलेले असते, दरवाजे काढलेले असतात, भिंतभर आरसे आणि भरपूर दिवे असतात. सोबत मोजमापाची टेप न्या आणि संकोच न करता काढा. चटई क्षेत्र किती ते विचारा. रेरात त्याची व्याख्या ठरलेली आहे, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. मंजूर नकाशा दाखवा म्हणा, तो पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाईलवर उघडला की ताब्याची तारीख, मंजुऱ्या, प्रकल्पावरचे खटले दिसतात.

कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि कलम १२ तर नेमके नमुना फ्लॅटविषयी आहे. जाहिरात किंवा नमुना घर पाहून पैसे भरले आणि ते खोटे निघून नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचे असेल तर सारे पैसे व्याजासह परत करावे लागतात. म्हणून माहितीपत्रक फेकू नका, नमुना फ्लॅटचे फोटो काढून ठेवा. जुना फ्लॅट घेत असाल तर भर पावसाळ्यात पाहा, छताची आणि भिंतींची ओल तेव्हाच दिसते. पाणी किती वेळ येते ते जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारा, दलालाला नको. सोसायटीने सभासदत्व नाकारले तर लेखी कारण मागा. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम २३ खुल्या सभासदत्वाचे आहे. पुरेशा कारणाशिवाय नकार देता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते.

काहीजण विचारतील, त्यांच्यात जायचेच कशाला? आपल्या माणसांत राहावे, जयंती थाटात होते, अडीनडीला शेजार असतो. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. आपल्या वसाहतींनी चळवळ जिवंत ठेवली. पण आवडीने एकत्र राहणे वेगळे आणि दुसरीकडे दार बंद असल्यामुळे एकत्र कोंडले जाणे वेगळे. ज्या भागात आपल्याला ढकलले जाते, तिथे शाळा, इस्पितळ, स्टेशन लांब असते आणि घराची किंमतही वाढत नाही. म्हणजे दोन पिढ्यांनी सारखेच हप्ते भरूनही एकाची संपत्ती वाढते, दुसऱ्याची कुंठते. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. कुठे राहायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. हा ठरवण्याचा अधिकार हाच मुद्दा आहे.

म्हाडाच्या सोडतीत संगणक आडनाव पाहून नाक मुरडत नाही, उलट अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. पण ती घरे मोजकी. उरलेला सारा बाजार खासगी आहे. म्हणून सरकारकडे आपली मागणी स्पष्ट असावी. महारेरात नोंदणी केलेल्या प्रत्येक विकासकाने आणि दलालाने जात, धर्म, आहार विचारू नये, असा नियम करा. ग्राहकाला घर दाखवण्यास नकार दिला तर कारण लेखी द्यायला लावा. नियम मोडणाऱ्याची नोंदणी रद्द करा. सच्चर समितीने २००६ मध्ये सुचवलेला समान संधी आयोग स्थापन करा.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर येत्या रविवारी आपल्यापैकी जो घर बघायला निघेल त्याने एकटे जाऊ नये. सोबत टेप, वही आणि एक साक्षीदार न्यावा. नाव विचारले तर पूर्ण नाव, खणखणीत आवाजात सांगावे. दार बंद झाले तर मान खाली घालून घरी येऊ नये, तारीख-वेळ लिहून संघटनेकडे यावे. लाज वाटायची असेल तर ती दार लावणाऱ्याला वाटू द्या.